चांगदेव बँजोवाल्याची गिटार

करंजाच्या बाजूला जाऊन चांगदेव घरत कुठे राहतो असं विचारलंत, तर समोरचा आधी तुम्हालाच विचारील, "कनचा चांगदेव? बँजोवाला का?" आता पोटापाण्याला हा माणूस बँजो वाजवत नाही. न्हावा शेव्याच्या रस्त्याला कंटेनर दुरुस्तीची यार्डं आहेत, त्यांतल्या एकात तो डेंटर आहे. चेपलेला कंटेनर ठोकून सरळ करायचा, गंजलेला पत्रा कापून काढायचा, तिथे नवा पत्रा वेल्डिंगने डकवायचा आणि ग्राइंडर फिरवून सांधा घासायचा, हे त्याचं रोजचं काम. पन्नाशी उलटली तरी हात अजून दणकट आहेत. पण ज्याने अर्ध्या उरण तालुक्याच्या हळदी वाजवल्या, त्याला डेंटर म्हणून कोण ओळखणार?

हळदीतला बँजो ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ही एक लांबट पेटी असते, तिच्यावर जुन्या टाइपरायटरला असायची तशी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. वाजवायच्या तारा सगळ्या एकाच सुरात लावलेल्या. तारांचा आवाज पकडणारा पिकअप लावून तो आवाज मोठाल्या स्पीकरमधून सोडला की गोड वगैरे राहत नाही. तो फाटतो, करवतीसारखा चरचरतो, आणि तसा फाटला नाही तर लोक बँजोवाल्याला नावं ठेवतात. चांगदेवचा बँजो भलताच फाटायचा, म्हणून त्याला मागणीही भलतीच.

या धंद्याचा एक रिवाज आहे. तो कुणी शिकवत नाही, बघून बघून अंगात भिनतो. हळदीत घरातली म्हातारी माणसं मध्येच उठून गायला लागतात. कुणाची आत्या, कुणाचा आजोबा. सूर कुठल्या कुठे. अशा वेळी बँजोवाल्याने मान वर करून बघायचंसुद्धा नाही. म्हातारीचा सूर घसरला की आपण गुपचूप तिच्या सुरात जायचं, ताल सुटला की ढोलकीवाल्याने हात आखडून तिला गाठू द्यायचं, आणि गाणं संपलं की मान डोलवायची. याला म्हणतात झाकणं. चांगदेव झाकण्यात पटाईत. त्याने झाकलेल्या कितीतरी आत्या आपण मोठ्या गाणाऱ्या आहोत अशा समजुतीत अजून सुखाने नांदताहेत.

मृणाली त्याला भेटली ती अशाच एका हळदीत. नवरीची मामेबहीण, कंटेनरच्या गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी, कानात तीन-तीन बाळ्या आणि अंगावर आईने बळेच नेसवलेली साडी. सगळं घर नाचत होतं आणि ही पोर स्पीकरला कान लावून उभी. चांगदेवला वाटलं, स्पीकर बिघडला. वाजवणं थांबल्यावर ती सरळ त्याच्यापाशी आली.

"काका, हा आवाज मला पाहिजे."

"कनचा आवाज?"

"हाच. फाटलेला."

मग तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं त्याला कळलं नाही. ती आणि तिचा आतेभाऊ प्रज्योत, असा दोघांचा बँड होता. नाव 'रिकामा डबा', कारण पोर्टाच्या भागात कंटेनरला कुणी कंटेनर म्हणत नाही, डबाच म्हणतात. प्रज्योत ड्रम वाजवायचा, म्हणजे दोन खरे ड्रम, तेलाची तीन पिंपं आणि कंटेनरचं एक मोडकं दार. मृणाली गायची, किंवा ओरडायची म्हणा, आणि कारखान्यातले आवाज भरून ठेवलेल्या तिच्या मशीनमधून ठोका सोडायची. या प्रकाराला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात, कारखान्याच्या आवाजातून काढलेलं गाणं, असं ती म्हणाली.

"अगो, कारखान्यानच असतूं ना मी दिवसभर," चांगदेव म्हणाला. "सुटल्यावर परत कशाला जाऊ?"

तिने मोबाइल त्याच्या कानाला लावला. आत धाड, धाड, धाड असा ठोका होता, वाकलेल्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्याचा, आणि पाठीमागे ग्राइंडर रडत होता. चांगदेव ऐकत राहिला. इतकी वर्षं ज्या आवाजाने त्याचं डोकं उठवलं होतं, त्याला कुणीतरी तालात बसवलं होतं. दुसऱ्या रविवारी तो बँजो घेऊन ते सराव करत त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला.

बँजो काही जमला नाही. इतक्या मोठ्या आवाजात तो नुसता शिट्ट्या मारायला लागला. तेव्हा चांगदेवला आठवलं, भाच्याने इंजिनीअरिंगला असताना हौसेने घेतलेली इलेक्ट्रिक गिटार पोटमाळ्यावर पडून आहे. ती त्याने खाली काढली, पुसली, नव्या तारा आणल्या. गिटार कशी लावायची हे त्याने कुणाला विचारलं नाही. तारांचं वाद्य, तारा लावायच्या, त्यात विचारायचं काय? बँजोच्या लावतात तशा त्याने सगळ्या तारा एकाच सुरात लावून टाकल्या. बारीक तारा वरच्या 'सा'ला, जाड तारा खालच्या. सर्वांत जाड तार तर इतकी सैल झाली की वाजायची कमी आणि फडफडायची जास्त. गिटार त्याने मांडीवर आडवी घेतली, कारण पेटी आडवीच असते, आणि बटणं नव्हती म्हणून यार्डातल्या भंगारातला पाइपचा एक तुकडा डाव्या हाताने तारांवर दाबला.

त्याने पहिला फटका मारला तेव्हा पत्र्याच्या शेडवरून गंज झडून खाली आला. प्रज्योतच्या हातातली काठी सुटली. मृणाली म्हणाली, "काका, हेच."

त्याला कुणी सांगितलं नाही की गिटार अशी लावत नाहीत. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्या दोघांना वाटलंच नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

बँड वाजवायचा तो खाडीपलीकडे, रेवसला. जेट्टीपासून थोडं आत एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. बोटवाले आता दुसरीकडून बर्फ घेतात. मालकीण तुळशीबाई, नवऱ्यामागे तिने दोन वर्षं कारखाना रेटला आणि मग कुलूप घातलं. बर्फ ठेवायची जी मोठी खोली असते तिच्या भिंती हातभर जाड, आतून थंडावा धरणारं अस्तर लावलेलं, दार तर दोघांनी ओढावं असं. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेल्या त्या खोलीतून आवाजही बाहेर जात नाही. आत जग बुडत असलं तरी बाहेर तुळशीबाईची कोंबडी झोप मोडत नाही. मृणालीने ही जागा हेरली, आणि बघता बघता तिथे महिन्यातून एकदा क्लब भरायला लागला. पाटी नाही, जाहिरात नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. ठाण्याचे, पुण्याचे, कुठकुठले बँड येऊन वाजवून जातात, आणि त्या सगळ्या वर्तुळात 'बर्फखाना' म्हटलं की पुरतं.

ऐकणारी पोरं बहुतेक मुंबईची. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येतात. ओहोटीला रेवसच्या जेट्टीशी पाणी उरत नाही आणि लाँच लागत नाही, म्हणून क्लब भरतो भरतीच्या हिशेबाने, भर दुपारी. पुनव किंवा अवस होऊन तीन-चार दिवस झालेला रविवार धरायचा, असं तुळशीबाईने सांगून ठेवलेलं. त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांतली, गळ्यात साखळ्या घातलेली कॉलेजची पोरं एकमेकांना आज तिथी कोणती ते विचारताना दिसतात. एखाद्या भटजीला गहिवरून येईल.

तुळशीबाईचे नियम दोनच. आत दारू नाही, आणि पायताण बाहेर. बर्फाच्या खोलीत चपला घेऊन जायची पद्धत कधीच नव्हती आणि कारखाना बंद पडला म्हणून पद्धत बंद पडत नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हा दाराबाहेर जाडजूड काळ्या बुटांचा ढीग पडतो आणि आत सगळी पोरं अनवाणी, किंवा भोकं पडलेल्या मोज्यांत, डोकी झोडत नाचतात. मध्यंतरात तुळशीबाई त्यांना बोंबलाची भजी खायला घालते आणि कुणी ताटात टाकलं तर खडसावते.

चांगदेवला हे सगळं मनापासून आवडायचं. एक गोष्ट मात्र त्याने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. हळदीत बँजोवाल्याकडे कुणी बघत नाही. लोक त्याच्या आवाजावर नाचतात, पण पाठ करून. बर्फखान्यात पोरं त्याच्याकडे तोंड करून उभी राहायची. तो पाइप उचलायचा आणि सगळ्या खोलीचा श्वास थांबायचा. उभ्या आयुष्यात असं कुणी त्याच्या हाताकडे बघितलं नव्हतं. तो त्या रविवारांसाठी जगायला लागला होता, असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग अजित भेटला. अलिबागकडचं एक लग्न होतं, चांगदेवच्या साडूच्या घरचं. तिथून परस्पर बर्फखान्यात जायचं म्हणून त्याने गिटार बरोबर घेतली होती. मांडवात ऑर्केस्ट्रा होता, त्यात गिटार वाजवणारा हा अजित. अलिबागला क्लासही घेतो. माणूस चांगला, हसतमुख. त्याने चांगदेवची गिटार कौतुकाने हातात घेतली, तारांवरून बोट फिरवलं आणि हसू लागला.

"काका, ही लावली कुणी? सगळ्या तारा एकाच सुरात!"

"मग कशा लावतान?"

अजितने आपल्या गिटारवर दाखवलं. सहा तारा, प्रत्येकीचा सूर वेगळा. मग बोटं पसरून एक कॉर्ड धरली, म्हणजे चार-पाच सूर एकदम. ती गोड वाजली. "जगभर अशीच लावतात," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चांगदेवही हसला, आपली गिटार पिशवीत घातली, आणि बुंदी न खाताच एसटी धरली.

बसमध्ये तो हिशेब करत बसला. दोन वर्षं! दोन वर्षं आपण चुकीची गिटार मांडीवर घेऊन दोनशे पोरांसमोर बसतो आहोत. मृणालीला हे माहीत नसेल? तिला तर सगळं माहीत असतं. प्रज्योतला? तो तर आगऱ्याचं पोर, हळदीत वाढलेला. मग बोलले का नाहीत? आणि मग त्याला उत्तर सापडलं. त्याच्या जागी कुणीही आगरी माणूस असता तर त्यालाही तेच सापडलं असतं. म्हातारा माणूस गायला उभा राहिला आहे. सूर कुठल्या कुठे. पोरं गुपचूप त्याच्या सुरात जाताहेत.

पोरं त्याला झाकत होती.

त्या दिवशी तो बर्फखान्यात गेलाच नाही. पोटात दुखतं म्हणून फोन केला आणि रेवसहून करंजाच्या तरीत बसून घरी आला.

दुसरा कुणी असता तर रागावला असता, नाहीतर गिटार परत पोटमाळ्यावर टाकली असती. चांगदेवला राग आला नाही. त्याला पोरांची दया आली. बिचारी, किती ओढत असतील आपल्याला. त्याहून जास्त त्याला भीती वाटली, कारण झाकलेल्या माणसाला पुढच्या वेळी कुणी आपण होऊन गायला बोलावत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मृणाली तर आता रेकॉर्ड काढायच्या गोष्टी करत होती. बर्फखान्यातच, लोकांसमोर, एका दमात भरायची पहिली रेकॉर्ड. त्या रेकॉर्डवर आपली चूक कायमची उमटणार, आणि ही पोरं भिडेपोटी काही बोलणार नाहीत. तेव्हा आपणच सुधारलं पाहिजे. त्याने अजितचा क्लास लावला.

पुढच्याच आठवड्यापासून दर शनिवारी चांगदेव खाडी ओलांडून अलिबागला जायला लागला. वर्गात शाळेतली मुलं आणि त्यांच्यात हा. सराव आणि बर्फखाना, दोन्ही चुकवायला ओव्हरटाइमची सबब. ग्राइंडरवर दणकट झालेली बोटं तारेवर दाबायची म्हटलं की पोराच्या बोटांसारखी हळवी व्हायची. टोकांना फोड आले, फुटले, पुन्हा आले.

"बोटांना काय झाला?" बायकोने विचारलं. केसरला फसवणं सोपं नाही. तो खरं ते सांगून मोकळा झाला.

केसरने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "म्हंजे दोन वर्सा वाजवलास तो चुकीचा?"

"व्हय."

"आन् लोका नाचली?"

"नाचली."

"मंग आता बरोबर वाजवून काय बसवनार हायस त्यांना?"

चांगदेवने तिला गप्प बसवलं, म्हणजे स्वतः गप्प बसला. बाईमाणसाला संगीतातलं काय कळतं, असं तो मनाशी म्हणाला, आणि हे वाक्य त्याने मोठ्याने म्हटलं नाही यात त्याचं शहाणपण होतं.

तिकडे मृणालीची झोप उडाली होती. काका सरावाला येत नाहीत, फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतात. काका कंटाळले, असं तिने ठरवून टाकलं. त्यांना आपली गाणी आवडत नसतील आणि मोठ्या मनाने सांगत नसतील. "रेकॉर्डपर्यंत तरी राहा, काका," असं तिने शेवटी फोनवर म्हटलं. चांगदेवने त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. रेकॉर्डपर्यंत, आणि मग नको.

रेकॉर्डचा रविवार आला. भरती चांगली होती, दोन लाँच भरून पोरं उतरली. दाराशी बुटांचा एवढा ढीग पडला की तुळशीबाईने तो काठीने बाजूला सारून वाट केली. आत माइक लावलेले, मशीनच्या वायरी जमिनीभर. चांगदेव आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची मांडून ठेवलेली होती, तिच्यावर तो बसला नाही. गिटारला पट्टा लावलेला होता, तो त्याने खांद्यावर घेतला आणि अजितने शिकवलं होतं तसा उभा राहिला. मृणालीने पाहिलं, पण मशीनचं बटण दाबलं गेलं होतं.

ठोका सुरू झाला. प्रज्योतने पिंपावर दणका दिला. चांगदेवने बोटं पसरली आणि शिकलेली पहिली कॉर्ड धरली. ती बरोबर होती, दुसरीही बरोबर होती. तो एकदाही चुकला नाही, फक्त दुसरीवरून तिसरीवर जायला बोटांना अंमळ वेळ लागला. आणि सगळं गाणं धुऊन वाळत घातलेल्या कपड्यांसारखं स्वच्छ, हलकं वाजत होतं. खाली पोरं उभी होती. कुणी नाचत नव्हतं. पुढच्या रांगेतला एक जण तर अगदी सभ्यपणे मान डोलवत होता.

ती मान चांगदेवने ओळखली. त्याने प्रज्योतकडे पाहिलं. प्रज्योत खाली बघून वाजवत होता, आणि त्याचा हात आखडलेला होता. तिसऱ्या कॉर्डपाशी तो किंचित थांबत होता, काकांची बोटं पोचेपर्यंत. हे काय चाललं आहे ते चांगदेवला कुणी सांगायला नको होतं. जन्मभर त्याने तेच केलं होतं. फक्त या बाजूने त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

आणि तिथेच, गाणं चालू असताना, त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांत या पोराचा हात असा एकदाही आखडला नव्हता. तो आपल्या चालीने दणके घालायचा आणि ज्याला गाठायचं असेल त्याने गाठावं, अशी त्याची तऱ्हा. दोन वर्षांत एकाही पोराने अशी मान डोलवली नव्हती. मग तेव्हा कुणी कुणाला झाकत नव्हतं?

मृणालीने मशीन बंद केलं.

"काका," ती माइकवरच म्हणाली, कारण माइक तोंडासमोर होता आणि तिला सुचलं नाही, "हे वाईट वाजतंय."

दीडदोनशे पोरांसमोर तीस वर्षांनी लहान पोरगी असं बोलली. चांगदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या क्षणी त्याला फार लागलं, त्याबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही. प्रज्योतने तर शरमेने डोळे मिटून घेतले.

"बरोबर वाजवतूं," चांगदेव म्हणाला. "क्लास लावला मी. अलिबागला."

"कशाला?"

"पयल्यापास्ना चुकीची लावलेली होती ना. तुमाला ठाव होता. बोललाव नाय." त्याने तारांवरचा हात काढून घेतला. "झाकत होताव मना."

आगऱ्याच्या घरातल्या मुलीला 'झाकणं' समजावून सांगायची गरज नव्हती. तीन महिन्यांचे न आलेले फोन, ओव्हरटाइम, सगळं मृणालीच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, कारण तिला आधी रडू आलं आणि मग राग आला.

"तुम्हाला झाकलं असतं तर आत्ता गप्प नसते का बसले?" ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही आम्हाला कंटाळलात. लावा ना ती परत तुमच्यासारखी. लावा."

चांगदेवने पट्टा काढला. बसला. बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी झाली होती. एवढं वाईट वाजलं तर ही पोर तोंडावर वाईट म्हणते. म्हणजे दोन वर्षं जेव्हा ती काही म्हणाली नाही, तेव्हा म्हणण्यासारखं काही नव्हतं. हे इतकं साधं होतं आणि त्यासाठी त्याने बोटं सोलून घेतली होती. त्याने खुंट्या पिळायला घेतल्या, एक तार उतरवली, दुसरी उतरवली, तिसरी घाईघाईने चढवायला गेला आणि ती फटकन तुटली.

दुसरी तार नव्हती. रेवसला कुठून मिळणार? आणि लाँचला पाणी फार वेळ थांबत नाही. प्रज्योत उठून उगाच पिशव्या उलट्यासुलट्या करायला लागला. पोरांत कुजबुज सुरू झाली.

तेव्हा गर्दीतून एक मुलगी पुढे आली. बारकी, चष्मा लावलेली, काळा टीशर्ट तिच्या मापाचा नव्हता. पाठीला गिटारची पिशवी. आपलं नाव प्रांजली, पनवेलहून आलेय, असं तिने कुणी न विचारता सांगून टाकलं. मग पिशवीतून गिटार काढून तिने ती सरळ त्याच्या मांडीवर आडवी ठेवली.

"ही घ्या, काका. सही करून घ्यायला आणली होती."

चांगदेवने तारांवरून अंगठा फिरवला. वरच्या 'सा'ला बारीक तारा, खालच्या 'सा'ला जाड तारा. सगळ्या तारा एकाच सुरात. सर्वांत जाड तार सैल, फडफडणारी. त्याने पुन्हा एकदा अंगठा फिरवला, आपले कान आपल्याशी खोटं बोलत नाहीत ना हे बघायला. मग त्याला काही दिसेनासं झालं आणि त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. इस्त्री गेली.

"कोनी शिकवला तुना?"

"कुणीच नाही. तुमचे व्हिडिओ बघून बघून." मुलगी एकदम गोंधळली. आत्ताच्या बोलण्यातलं काही तिला अर्धवट ऐकू आलं होतं. तिने चष्मा वर सरकवला. "म्हणजे, गिटार अशीच लावतात ना?"

मृणालीने ओठ दाबून धरले. प्रज्योत पिंपामागून मान लांब करून बघत होता. जगभर कशी लावतात ते आता चांगदेवला पक्कं ठाऊक होतं. त्याने त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, खिशातून पाइपचा तुकडा काढला आणि तारांवर ठेवला.

"अशीच लावतान," तो म्हणाला.